बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

मराठवाड्यातल्या मंडळीत नवा माणूस आला की नावगाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "प्रभूमध्ये येऊन किती वर्षं झाली?" कोणी सात सांगतो, कोणी वीस, तर कोणी अभिमानाने सांगतो की आम्ही पणजोबांपासून ख्रिस्ती. त्या आकड्यावरून मग पुष्कळ गोष्टी ठरतात. साक्ष द्यायला कोणाला उभे करायचे, मंडळीच्या कमिटीत कोणाला घ्यायचे, नव्या घराच्या प्रार्थनेला कोणाला बोलवायचे. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. पण वर्षांच्या हिशेबाने आत्मिक वाढ मोजता आली असती तर पौलाला करिंथकरांना पहिले पत्र लिहावे लागले नसते. करिंथच्या मंडळीत काय नव्हते? अन्य भाषा होत्या, संदेश देणारे होते, आजार बरे करण्याची वरदाने होती, ज्ञानाचा तर त्यांना गर्वच होता. तरी पौल त्यांना तान्ह्या बाळांत जमा करतो. त्यांच्यात हेवा आहे, भांडणे आहेत, एक गट स्वतःला पौलाचा म्हणवतो तर दुसरा अपुल्लोसाचा, एवढेच कारण तो देतो. अशा लोकांना अजून दूधच पाजावे लागते, जड अन्न पचत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

प्रौढ ख्रिस्ती माणूस ओळखायचा कसा, या प्रश्नाला नव्या कराराने दिलेले उत्तर आपल्या रोजच्या समजुतीहून वेगळे आहे. या पुस्तकाचे सगळे पाठ त्या उत्तराभोवती आहेत. रात्रभर केलेली प्रार्थना, उपास, हात ठेवून मिळालेले आरोग्य, यांना मान आहे आणि असावा. पण गलतीकरांना लिहिताना पौल आत्म्याच्या फळाचे जे गुण सांगतो, ती प्रीती, ती सहनशीलता, ती सौम्यता, त्यांतले बहुतेक दुसऱ्या माणसाशी वागतानाच दिसतात. सुनेशी, शेजाऱ्याशी, मजुरीचे पैसे मागायला आलेल्या बाईशी, पलीकडच्या मंडळीच्या पास्टरशी. उपासनेत कोण किती मोठ्याने रडले याची नोंद त्या यादीत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत विश्वासणाऱ्यांची घरे दोन प्रकारची आहेत. काही घरांत तीनचार पिढ्यांपूर्वी मिशनच्या काळात विश्वास आला. त्यांच्याकडे जुनी 'उपासना संगीत'ची प्रत असते, भिंतीवर आजोबांचा फोटो असतो आणि नाताळला शहराच्या चर्चमध्ये ठरलेले बाक असते. दुसरी घरे गेल्या वीसतीस वर्षांतली. मुखेड, कंधार, देगलूर, किनवटकडे किंवा उदगीर, निलंगा, औशाकडे पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर कोणाच्या ओसरीवर घरप्रार्थना भरते, ढोलकीवर गाणी होतात, शुक्रवारी उपास-प्रार्थना असते. या दुसऱ्या घरांत विश्वास बहुधा दुखण्याच्या वाटेने आला. पोराला फिट येत होत्या, नवरा दारूत बुडाला होता, सुनेला बाधा आहे असे सगळे म्हणत होते. डॉक्टर झाले, देवऋषी झाला, आहे ते विकून झाले, आणि मग कोणीतरी प्रार्थनेला घेऊन गेले. तिथे आराम पडला.

या वाटेला कमी लेखणारे लोक मला पटत नाहीत. शुभवर्तमाने उघडून पाहा, येशूकडे आलेले बहुतेक जण असेच आले होते. रक्तस्रावाने बारा वर्षे गांजलेली बाई सिद्धान्त शिकायला आली नव्हती. पण लूकने दहा कुष्ठरोग्यांची जी हकिगत सांगितली आहे तिच्यात बरे होतात दहा आणि परत येतो एक. आपल्या मंडळ्यांत त्या नऊ जणांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. बरे झाले, बाप्तिस्मा झाला, नाव नोंदले गेले, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तीच साक्ष त्याच शब्दांत दिली जाते. पोरगा आता लातूरला नीटच्या शिकवणीला आहे, तरी साक्ष अजून त्याच्या तिसऱ्या वर्षाच्या तापाचीच. मधल्या काळात देवाने काय शिकवले, कुठल्या पापाशी झगडा झाला, कोणाची क्षमा मागितली, याविषयी एक अक्षर नाही. अशा माणसाच्या घरात दुसरे दुखणे आले आणि ते बरे झाले नाही की विश्वासाचा पायाच हलतो.

ही चिंता मराठी माणसाला परकी नाही. मराठवाडा ही संतांची भूमी आहे आणि भक्तीतली वाढ हा तिचा जुना विषय आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशी माणसाची पायरीपायरीने लक्षणे सांगतात. आणखी जवळची गोष्ट नामदेवांची. नर्सीचे नामदेव विठ्ठलाचे लाडके, पण तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात प्रत्येकाचे डोके थापटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, अशी आख्यायिका आहे. रागावलेल्या नामदेवांना पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावे लागले. देवाशी इतकी जवळीक असलेला भक्तही कच्चा असू शकतो, हे आपल्या आजीपणजींनी आपल्याला कीर्तनातून शिकवून ठेवले होते. ख्रिस्ती झाल्यावर हे शहाणपण टाकून देण्याचे काही कारण नव्हते, पण पुष्कळदा आपण ते टाकले.

एक फरक मात्र पहिल्या पाठापासून मनात ठेवावा लागतो. ख्रिस्ती शिकवणीत पिकल्यावर स्वीकार होत नाही. स्वीकार आधी होतो, कृपेने, फुकट, आणि वाढ त्या स्वीकाराच्या आत होते. उधळ्या मुलाला बापाने मिठी मारली तेव्हा त्याच्या अंगावर डुकरांमागच्या दिवसांचीच वस्त्रे होती. म्हणून प्रौढ विश्वासणाऱ्याच्या बोलण्यात 'मी पोचलो' हा सूर नसतो. फिलिप्पैकरांना लिहिताना पौल तुरुंगात आहे, त्याच्यामागे सेवेची कित्येक वर्षे आहेत, आणि तरी तो कबूल करतो की आपण अजून पूर्णतेला गेलेलो नाही, पुढे धावतो आहोत. हे वाचल्यावर आपल्याकडचा 'सीनियर' विश्वासणारा हा प्रकार मला फार खटकू लागतो.

मराठीत या विषयावर उदाहरण द्यायचे तर मी आधी पंडिता रमाबाईंचे देईन. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत विदुषी, वयाने अवघी पंचविशीची. आपल्याकडे असा बाप्तिस्मा झाला असता तर दुसऱ्याच रविवारी त्यांना व्यासपीठावर बसवले असते. रमाबाईंनी मात्र बाप्तिस्मा देणाऱ्यांशीच वाद घातला. त्रैक्याविषयी, बिशपांच्या अधिकाराविषयी त्यांनी प्रश्न विचारले. त्यांना आईसारख्या असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात आहे आणि तो वाचताना दिसते की आज्ञाधारकपणाच्या नावाखाली विवेक गहाण टाकायला ही बाई तयार नव्हती. पुढे १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले, ते लगेचच पुण्याला हलले. कामाचा बोलबाला झाला, अमेरिकेतून मदत येत होती. आणि नेमक्या त्या काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, खुद्द ख्रिस्त सापडलेला नाही. आपल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे लिहून ठेवले आहे. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती.

आठ वर्षे प्रामाणिकपणे उपासनेला गेलेली, देवाच्या नावाने विधवांसाठी घर उभे केलेली बाई हे लिहिते, तेव्हा आपल्याला आपल्या वर्षांच्या आकड्याचा विचार करावा लागतो. आणि तिथे त्या थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीच्या तोंडातल्या शेकडो मुली आणि बाया आणल्या, केडगावला मुक्ती सदन वाढत गेले. १९०५ च्या जूनमध्ये तिथे मोठी जागृती झाली. मुली रडून पापे कबूल करू लागल्या, रात्र रात्र प्रार्थना चालली, तिची बातमी जगभर गेली. आजच्या आपल्या सभांना त्या जागृतीची आठवण काढायला फार आवडते. तिच्यानंतरचे वर्णन मात्र कोणी करत नाही. पुढची बहुतेक वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकची पुस्तके समोर ठेवून, शब्द शब्द जुळवत बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. कमी शिकलेल्या बाईला वाचता यावे असे सोपे मराठी त्यांना हवे होते. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या बायांनीच केले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी हाती घेतलेले काम तडीला नेऊनच रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून झाले ते १९२४ मध्ये. जागृतीच्या गजराइतकेच हे बैठे, कंटाळवाणे, कोणाला न दिसणारे काम आत्म्याचे होते, असे मी मानतो. वाढत्या विश्वासाची परीक्षा मला त्या भाषांतरात जास्त दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, आणि ती पाच वर्षे 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी काहीही न लपवता सांगितली आहेत. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यात वाढलेली ही मुलगी. नवऱ्याच्या धर्मांतरापेक्षाही 'कोणाच्या हातचे पाणी प्यायचे' हा प्रश्न तिच्या जिवाला जास्त जाळत होता. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या तेव्हाही चूल वेगळी होती. मग विचार करता करता एक एक गाठ सुटत गेली. देवाने माणूस केला, जात कोणी केली, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर मान्य करायला त्यांना वेळ लागला. टिळकांनी घाई केली नाही, हे त्यांचे मोठेपण. मला लक्ष्मीबाईंच्या या सावकाशीबद्दल अपार आदर आहे, कारण त्यांच्या बाबतीत जात सुटली ती बाप्तिस्म्याच्या आधी, आतून. आपल्याकडे पुष्कळांच्या बाबतीत बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या, जात तिथेच आहे.

हे वाक्य कठोर वाटेल, पण त्याशिवाय या पुस्तकाला अर्थ नाही. मराठवाड्यात मिशनचे काम एकोणिसाव्या शतकात जालन्याला रुजले ते नारायण शेषाद्री यांच्या हातून. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण पुढे निजामाच्या राज्यात आला आणि मांग व महार समाजातल्या विश्वासणाऱ्यांबरोबर त्याने जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानायला त्याला लहानपणी शिकवले असेल त्यांच्याशी एका गावचा होऊन तो राहिला. १८९१ मध्ये तो वारला. त्याचा वारसा सांगणाऱ्या प्रदेशात आज दोन मंडळ्या एका गल्लीत असूनही एकमेकींत सोयरीक करत नाहीत, कारण एक 'त्यांची' आणि एक 'आमची'. प्रभुभोजनाची भाकर एकच, पण लग्नाच्या बोलणीत जुने नाव विचारले जाते. पौलाने करिंथकरांना तान्हे का म्हटले ते इथे लख्ख दिसते. पेत्रासारखा प्रेषितही अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवता जेवता यहूदी विश्वासणारे आलेले पाहून मागे सरला होता आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावले होते. प्रश्न जुना आहे. पण मुलीच्या लग्नाच्या वेळी तो पुन्हा नव्याने उत्तर मागतो आणि त्या दिवशी आपण किती वाढलो ते ठरते.

याच्याच शेजारी कागदाचा प्रश्न उभा आहे आणि पाळक त्यावर बोलायला कचरतात. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशानुसार हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध यांनाच त्या सवलती मिळतात. ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या मिळत नाहीत. म्हणून रविवारी मंडळीत बसणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर वेगळाच धर्म असतो. केंद्राने २०२२ मध्ये या प्रश्नासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. माझे मत असे आहे की कायद्यातला हा भेद अन्यायाचा आहे, धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर आत येत नाही. पण त्या अन्यायाचे ओझे अठरा वर्षांच्या पोराच्या एकट्याच्या विवेकावर टाकून मोकळे होणे हेही मंडळीचे बालपणच आहे. त्याला दटावणारे वडीलधारे स्वतःच्या कागदांविषयी गप्प असतात. त्याच्याबरोबर बसावे, खरे काय आणि किंमत काय ते एकत्र बोलावे, फीचा भार मंडळीने वाटून घ्यावा. इफिसकरांच्या पत्रात प्रीतीने सत्याला धरून वाढण्याविषयी लिहिले आहे, ते अशाच ठिकाणी उपयोगी पडते.

या पुस्तकातला दुःखाविषयीचा पाठ मी सर्वांत आधी वाचला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपात दगडामातीच्या घरांखाली गाडला गेला. हजारो माणसे झोपेत गेली. मदतीला जे धावले त्यांत देशभरातल्या चर्चच्या संस्थाही होत्या, कासा होती, कॅरिटास होती. आणि त्याच वेळी काही प्रचारक सांगत फिरत होते की हा देवाचा कोप आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, त्यांचे उदाहरण येशूने स्वतःच दिले होते, आणि ती माणसे इतरांपेक्षा जास्त पापी होती ही समजूत त्याने मोडून काढली होती. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि चुकले.

किल्लारीबरोबर हा प्रश्न संपला असे मानू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. कोविडमध्ये प्रार्थना करूनही पाळक गेले, प्रार्थना करणाऱ्या बाया गेल्या. कर्ज फिटत नाही म्हणून शेतकऱ्याने जीव दिला की त्याच्या विधवेला 'तुमच्या घरात विश्वास कमी पडला' असे ऐकवणारे आपल्यातही आहेत. याकोब आपल्या पत्राच्या सुरुवातीलाच संकटांविषयी लिहितो आणि धीराला त्याचे काम पुरते करू द्या असे सांगतो. ते काम वर्षांचे असते. ज्याला कधी उत्तर न मिळालेल्या प्रार्थनेसह जगावे लागले तो माणूस त्या विधवेच्या ओसरीवर बसला तर काही बोलावे लागत नाही. अशी माणसे तुमच्या मंडळीत शोधा. त्यांच्याकडे बहुतेक वेळा माइक नसतो.

वाढीला साधने साधीच लागतात : स्वतः वाचलेले पवित्र शास्त्र, घरातली प्रार्थना, एकमेकांना विचारता येईल असा लहान गट, आणि आपली मराठी गीते. कृष्णाजी रत्नाजी सांगळे आणि टिळकांनी आपल्याला दिलेल्या गीतांत जी शिकवण आहे ती यूट्यूबवरच्या नव्या गाण्यांत नेहमी सापडत नाही. नवी गाणी गाऊ नयेत असे मी म्हणत नाही, पण जुन्यांचा अर्थ मुलांना समजावून द्यावा. टिळक स्वतः शेवटपर्यंत वाढत राहिले. १९१७ मध्ये, पंचावन्न ओलांडल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. दोन वर्षांनी ते गेले. तो प्रयोग टिकला नाही, म्हणून तो फसला असे मला वाटत नाही.

पुस्तक कसे वाचावे याविषयी थोडेसे. पाठ लहान आहेत. एका आठवड्याला एकच घ्या आणि त्याखालचा प्रश्न घरात मोठ्याने वाचा. पास्टरने तो सभेत शिकवण्यापेक्षा नवराबायकोने चुलीपाशी त्यावर बोलावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मुलांनी वाचावे. उत्तरे न पटली तर वाद घाला. रमाबाईंनी घातला होता.

शेवटची विनंती पाळकांना आणि मंडळीच्या सेवकांना. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि सहा महिने आपल्या निम्म्या मंडळ्या रिकाम्या असतात. परत आलेल्यांना आपण 'थंड पडले' म्हणतो. फडावर त्यांच्याबरोबर कोण होते? या पुस्तकातले शेवटचे आठ पाठ त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरात, खोपीत पंधरा मिनिटांत वाचून होतील असे लिहिले आहेत. ट्रक निघण्याआधी प्रत्येक जोडप्याच्या हातात एक प्रत द्या, त्यांच्यातल्या एकाला गट सांभाळायला सांगा, आणि महिन्यातून एकदा तरी स्वतः फडावर जाऊन त्यांना भेटा.